‘ड्यून’, १९८४ : दिसणारा चित्रपट आणि सांगितला जाणारा चित्रपट

डेव्हिड लिंच यांचा ‘ड्यून’ हा विज्ञानकथापट मी पहिल्यांदा पाहिला तो जुन्या दूरचित्रवाणी संचाच्या चौकोनी पडद्यावर, दोन्ही बाजू कापलेल्या, रंग विटलेल्या आणि अंधारातले सगळे काही चिखलासारखे एकजीव झालेल्या प्रतीत. त्या वेळी माझ्या पदरात पडले ते एवढेच, की कोणीतरी सतत कुजबुजत आहे आणि कोणीतरी सतत कोणाला तरी काहीतरी समजावून सांगत आहे. कथा कळली नाही, पण त्यातल्या तीन-चार खोल्या मात्र मनात घर करून राहिल्या. मूळ कॅमेरा निगेटिव्हवरून नव्याने तयार केलेली या चित्रपटाची फोरके, म्हणजे अतिशय सूक्ष्म तपशील दाखवणारी, प्रत २०२१ मध्ये अ‍ॅरो व्हिडिओ या ब्रिटिश कंपनीने डिस्कवर आणली. अलीकडे ती मी लागोपाठ दोनदा पाहिली, आणि इतकी वर्षे नीट शब्दांत मांडता न आलेली एक गोष्ट स्पष्ट झाली. या १३७ मिनिटांत दोन चित्रपट आहेत, एक डोळ्यांना दिसणारा आणि एक कानांत सांगितला जाणारा. पहिला थोर आहे. दुसरा त्याच्यावर विश्वास ठेवायला तयार नाही.

सुरुवात दिसणाऱ्या चित्रपटापासून करतो, कारण या नव्या प्रतीचे खरे मोल तिथेच आहे. अवकाशातल्या प्रवासाची मक्तेदारी हाती असलेल्या गिल्डचे प्रतिनिधी सम्राटाच्या भेटीला येतात, ते दृश्य घ्या. सोन्याने मढवलेल्या त्या दरबारात टक्कल केलेली, काळ्या लांब कोटांतली माणसे रेल्वे इंजिनासारखी एक अवजड काळी पेटी घेऊन शिरतात. पेटीची झडप उघडते, आणि आत नारिंगी वायूत तरंगणारा, एके काळी माणूस असलेला आणि आता मांसाचा एक प्रचंड गोळा उरलेला नॅव्हिगेटर आपल्याला दिसतो. त्याचे बोलणे एक सेवक जुन्या घाटाच्या मायक्रोफोनमधून भाषांतर करून सांगतो. भेट संपते, पेटी मागे फिरते, आणि तिच्या मागोमाग सेवक फरशी पुसत जातात. फरशी पुसण्याचा हा तपशील कथेला काहीही लागत नाही. पण तो दाखवल्याबरोबर आपली खात्री पटते की हे जग आपण येण्याच्या आधीही चालू होते, या पेटीतून नेहमीच काहीतरी सांडते आणि ते पुसण्यासाठी नेमलेली माणसे आहेत. जुन्या प्रतीत मला इथे फक्त काळोख आणि एक नारिंगी डाग दिसत असे. आता पेटीच्या धातूचा खरबरीतपणा, कोटांवरची ओलसर चकाकी आणि मागच्या भिंतीवरचे कोरीवकाम वेगवेगळे दिसते.

हे वेगळेपण इतकी वर्षे का हरवले होते, याला एक तांत्रिक कारणही आहे. छायालेखक फ्रेडी फ्रान्सिस यांनी या चित्रपटासाठी लाइटफ्लेक्स नावाचे उपकरण वापरले होते. चित्रीकरण चालू असतानाच ते फिल्मवर हलका प्रकाश पसरवते, त्यामुळे सावल्या उजळतात, रंग किंचित मावळतात आणि काळ्यातही तपशील शिल्लक राहतो. असे नाजूक चित्र व्हिडिओ कॅसेटवर उतरले की ते आधी गढूळ होते आणि मग नुसते अंधारे. म्हणजे ज्या गुणासाठी एवढी मेहनत घेतली होती, तोच घरी पाहणाऱ्यांपर्यंत सर्वांत कमी पोहोचला. ‘ड्यून’ कुरूप आहे असे म्हणणाऱ्या अनेकांनी तो कशा अवस्थेत पाहिला होता, हा प्रश्न म्हणूनच मला महत्त्वाचा वाटतो.

नेपथ्यकार अँथनी मास्टर्स यांनी प्रत्येक ग्रहाला स्वतःचे असे साहित्य दिले आहे. नायक पॉलच्या कॅलाडन ग्रहाला कोरीव लाकूड, सम्राटाला सोने, पॉलच्या घराण्याचे वैरी असलेल्या हार्कोनेनांना हिरवट उजेडातला कारखानी धातू आणि अराकिस या वाळवंटी ग्रहाला दगड. बॉब रिंगवुड यांची वेशभूषाही हेच पाळते. भविष्यकाळ म्हणजे गुळगुळीत आणि पांढरा, ही तेव्हाची सवय इथे कोणीही पाळलेली नाही. हे भविष्य जुन्या वाड्यासारखे आहे, त्यात पिढ्यांची धूळ साचलेली आहे. मेक्सिको सिटीतल्या चुरुबुस्को स्टुडिओत १९८३ मध्ये हे सगळे हातांनी उभे केले गेले, आणि वाळवंटासाठी मंडळी उत्तरेला सामालायुकाच्या वाळूच्या टेकड्यांवर गेली. ही मेहनत आता पडद्यावर अक्षरशः मोजता येते.

आता सांगितला जाणारा चित्रपट. फ्रँक हर्बर्ट यांची कादंबरी १९६५ ची. तिचा मोठा भाग पात्रांच्या मनात घडतो, कारण तिथे प्रत्येक जण दुसऱ्याला जोखत असतो आणि बोलतो त्याहून अधिक लपवतो. शिवाय धर्म, पर्यावरण, राजकारण आणि स्पाइस नावाच्या द्रव्यावर चालणारे अर्थकारण यांची तिथे घट्ट वीण आहे. सत्तरच्या दशकात दिग्दर्शक आलेहांद्रो होदोरोव्स्की यांनी ती पडद्यावर आणण्याची प्रचंड तयारी केली आणि पैशांअभावी ते काम थांबले. पुढे रिडली स्कॉट काही काळ तिच्यावर काम करून बाजूला झाले. अखेर निर्माती राफाएला दे लॉरेंटिस आणि त्यांचे वडील दिनो यांनी हे काम लिंच यांच्याकडे सोपवले. सुमारे ४ कोटी डॉलरांचा खर्च, जवळजवळ तीन तासांचा चित्रपट करण्याचा लिंच यांचा विचार, आणि अंतिम संकलनाचा अधिकार मात्र त्यांच्याकडे नाही. चित्रपट दोन तासांच्या आसपास आणायचा ठरल्यावर जी कापाकापी झाली, तिच्या जखमा झाकण्यासाठी निवेदन आणि स्वगते भरली गेली. भीती इतकी होती की काही चित्रपटगृहांत प्रेक्षकांच्या हाती शब्दार्थांचा छापील कागद देण्यात आला. डिसेंबर १९८४ मध्ये प्रदर्शित झालेल्या या चित्रपटाने अमेरिकेत सुमारे ३ कोटी डॉलर मिळवले, आणि समीक्षकांनी तो जवळजवळ एकमुखाने झिडकारला.

कुजबुजणारी स्वगते हीच चूक होती, असे सरसकट म्हणायला मात्र मी तयार नाही. पेटीच्या परीक्षेचे दृश्य पाहावे. सियान फिलिप्स यांची वृद्ध धर्ममाता कोवळ्या पॉलला एका पेटीत हात घालायला लावते आणि त्याच्या मानेशी विषारी सुई धरते. हात मागे घेतला तर मरण, आणि पेटीत नुसत्या वेदना. पॉल भीतीवर मात करण्याचा मंत्र मनातल्या मनात म्हणतो, आणि काइल मॅक्लाक्लन यांचा चेहरा जागचा न हलता हळूहळू बदलत जातो. इथे कुजबुज हीच घटना आहे. बाहेर काहीच घडत नाही, सगळे आत घडते आहे, आणि मनाचा तो आवाज ऐकू आला नसता तर दृश्यच उरले नसते. मॅक्लाक्लन यांचा हा पहिलाच चित्रपट होता, हे लक्षात घेतले तर त्यांचा संयम विलक्षण वाटतो.

याच्या उलट उदाहरण वाळवंटातले आहे. पॉलने अंगावर चढवलेला, शरीरातले पाणी राखणारा पोशाख ग्रहशास्त्रज्ञ काइन्स तपासतो आणि कोणी न शिकवताही त्याने तो बिनचूक घातला आहे हे त्याच्या ध्यानात येते. काइन्सच्या भूमिकेत मॅक्स फॉन सिडो आहेत. त्यांची नजर क्षणभर थबकते आणि तेवढ्यात उद्धारक येण्याची भविष्यवाणी खरी होत असल्याचा संशय, आशा आणि धास्ती हे सगळे येऊन जाते. त्यावर लगेच तेच मनातल्या आवाजात ऐकवले जाते. इतक्या मोठ्या नटाच्या डोळ्यांनी सांगितलेली गोष्ट पुन्हा शब्दांत सांगणे हा त्याच्यावरचा अन्याय आहे, आणि नव्या प्रतीत ते डोळे इतके स्वच्छ दिसतात की तो अन्याय अधिकच टोचतो.

उत्तरार्धात तर सांगणारा चित्रपट दिसणाऱ्याला गिळूनच टाकतो. वाळवंटात राहणाऱ्या फ्रेमेन लोकांमध्ये पॉलची जडणघडण, युद्ध आणि त्यांच्यातल्या चानीशी त्याचे नाते, कादंबरीचा हा सगळा गाभा काही मिनिटांत आटोपला जातो. पॉल आणि चानी यांचे प्रेम वाढत गेले, असे निवेदनाचे एक वाक्य येते आणि ते प्रेम तिथेच संपते. शॉन यंग यांच्या वाट्याला आलेली चानी ही व्यक्ती न राहता नुसती उपस्थिती उरली आहे. इथे प्रत कितीही सुंदर असली तरी काही उपयोग नाही, कारण जे चित्रपटात ठेवलेच नाही ते निगेटिव्हमधून येणार कुठून?

स्वच्छतेचे आणखी काही तोटेही आहेत आणि ते प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजेत. अंगाभोवतीची संरक्षक कवचे पारदर्शक ठोकळ्यांसारखी दिसतात आणि त्यांच्या आत लढणारी माणसे ओळखू येत नाहीत. वाळवंटातल्या महाकाय अळीवर स्वार झालेल्या पॉलच्या दृश्यात वेगवेगळे चित्रित केलेले तुकडे जोडल्याच्या कडा दिसतात. कार्लो राम्बाल्दी यांच्या अळ्या मात्र आजही जिवंत वाटतात, विशेषतः त्यांचे तीन पाकळ्यांचे तोंड उघडते तेव्हा. पण तांत्रिक उणिवांपेक्षा मला अधिक अस्वस्थ करतो तो हार्कोनेनांचा प्रमुख, खलनायक बॅरन हार्कोनेन. केनेथ मॅकमिलन यांनी तो झोकून देऊन साकारला आहे. तथापि त्याच्या अंगावरची गळवे, त्याची समलैंगिक वासना आणि त्याची क्रूरता यांची सरमिसळ करून त्याला किळसवाणा ठरवण्यात आले आहे. एड्सच्या भयाने समाज ग्रासलेला असताना, १९८४ मध्ये, हे पडद्यावर आणणे ही गंभीर चूक होती, आणि या चित्रपटावर माझे कितीही प्रेम असले तरी ती मला नजरेआड करता येत नाही.

ध्वनीबद्दल थोडे लिहिल्यावाचून राहवत नाही. कादंबरीतल्या युद्धकलेऐवजी लिंच यांनी आवाजाचे शस्त्र आणले, उच्चारलेल्या शब्दाने दगड फोडणारे. मूळ कृतीशी ही फारकत वाचकांना खटकली. मला मात्र ही कल्पना लिंच यांच्या स्वभावातूनच आल्यासारखी वाटते, कारण ध्वनिरचनाकार अ‍ॅलन स्प्लेट यांच्या साथीने त्यांनी पहिल्या चित्रपटापासून आवाजाला वस्तूसारखे वजन दिले होते. या चित्रपटाला मिळालेले एकमेव ऑस्कर नामांकन ध्वनीसाठीच होते. खोल्यांच्या भिंतींतून येणारी ती खोल घरघर चांगल्या ध्वनियंत्रणेवर ऐकली, की टोटो या रॉक बँडच्या संगीताइतकीच ती मनावर पकड घेते.

शेवटी अराकिसवर पाऊस पडतो. हर्बर्ट यांना चित्रपटातले बरेच काही आवडले होते, पण पॉल हा देव नसून देवाची भूमिका निभावणारा माणूस आहे आणि तो पाऊस पाडू शकत नाही, ही त्यांची हरकत अगदी रास्त होती. त्यांची कादंबरी उद्धारकांपासून सावध करते. चित्रपट मात्र उद्धारकासमोर हात जोडतो.

१९८८ मध्ये दूरचित्रवाणीसाठी एक लांब आवृत्ती निघाली. तिच्यात वगळलेली दृश्ये भरली, चित्रे रंगवून एक लांबलचक प्रस्तावना जोडली आणि काही तुकडे तर दोन-दोनदा वापरले. लिंच यांनी दिग्दर्शक म्हणून आपले नाव काढून टाकले आणि पटकथाकार म्हणून ‘जुडास बूथ’ हे नाव लावायला लावले, म्हणजे ख्रिस्ताचा विश्वासघात करणारा आणि लिंकन यांचा खून करणारा यांची जोडी. त्यावरून त्यांची वेदना किती होती हे कळते. आपली अशी आवृत्ती त्यांनी पुढेही कधी केली नाही, आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले. म्हणून कुठेतरी एक निर्दोष ‘ड्यून’ दडलेला आहे आणि तो एक दिवस सापडेल, ही चाहत्यांची आशा आता सोडून द्यायला हवी. डिस्कवर वगळलेली दृश्येही दिली आहेत. ती पाहून मला कोणतीही हरवलेली उत्कृष्ट कृती दिसली नाही, काही ठिकाणी श्वास घ्यायला जागा तेवढी दिसली.

दुसऱ्यांदा पाहताना मी श्रेयनामावली संपेपर्यंत बसून राहिलो. वाळवंटाच्या या चित्रपटाची अखेर समुद्रावर होते. लाटा येत राहतात आणि त्यांच्यावर एकेका कलाकाराचा चेहरा उमटतो, खाली त्याचे नाव येते आणि तो विरून जातो. ज्यांच्या भूमिका संकलनाच्या टेबलावर कापल्या गेल्या, त्यांनाही इथे आपापले काही क्षण मिळतात, आणि तेव्हा त्यांच्यावर कोणीही कुजबुजत नाही. शॉन यंग यांचा चेहरा आला तेव्हा मी डिस्क थांबवली आणि तो नीट पाहून घेतला.