स्वमग्न मुलाला एसटीने एकटे जाऊ देण्याआधी

स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) व्यक्तीला बसचीच भीती वाटते, असे आपण सरसकट धरून चालतो. प्रत्यक्षात तिला त्रास होतो तो नेमक्या गोष्टींचा: अचानक वाजणारा हॉर्न, खडखडणाऱ्या काचा, अनोळखी माणसाचा खांद्याला लागलेला धक्का, आणि सर्वांत जास्त म्हणजे सांगितले एक आणि घडले दुसरेच, याचा.

मी राहते तो लिंकनशायर हा इंग्लंडच्या पूर्वेकडचा शेतीचा, विखुरलेल्या गावांचा भाग आहे. स्वमग्न तरुणांना बसप्रवास शिकवणे हे माझे काम. येथे त्याला ट्रॅव्हल ट्रेनिंग म्हणतात. एकच मार्ग निवडायचा, गर्दी नसलेल्या वेळी तोच पुन्हापुन्हा करायचा. शिकवणाऱ्याने आधी शेजारी बसायचे, मग दोन बाके मागे, आणि पुढे केवळ उतरण्याच्या थांब्यावर उभे राहायचे. बहुतेक मुले हा क्रम लवकर आत्मसात करतात, त्यामुळे घरच्यांना वाटते की शिकवणे संपले. खरे शिक्षण त्यानंतर सुरू होते: बस आलीच नाही तर किती वेळ थांबायचे, नेहमीच्या जागेवर कोणी बसले असेल तर काय करायचे, थांबा मागे गेला तर कोणाला सांगायचे. हे प्रसंग आम्ही मुद्दाम घडवतो, तेही मुलाला आधी कल्पना देऊन.

आमच्याकडे कॉलकनेक्ट नावाची, फोनवर किंवा ऑनलाइन नोंदवून बोलावता येणारी बससेवा आहे. खेड्यांसाठी ती मोठीच सोय. पण कोणी कोठून नोंदणी केली त्यानुसार तिचा रस्ता बदलतो, म्हणून काही स्वमग्न प्रवाशांना ठरलेल्या मार्गाची बसच अधिक सोपी जाते. शिवाय येथील बसमध्ये वाहक नसतो, तिकिटाचे कामही चालकच पाहतो. न दिसणाऱ्या अपंगत्वाची खूण म्हणून सूर्यफुलांचे चित्र असलेली, गळ्यात घालायची हिरवी पट्टी वापरण्याची पद्धत 2016 मध्ये गॅटविक विमानतळावर सुरू झाली. बसमध्ये ती पाहून निदान चालक तरी उत्तरासाठी थोडा थांबतो.

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा-दिग्रस रस्त्यावरच्या आमच्या गावातून मावशीने नातवासाठी विचारले, "बाई, याले एकट्याले एसटीत कसं धाडू, थे सांग." माझे ठाम मत आहे की या बाबतीत आपली एसटी इंग्लंडच्या बसपेक्षा सोयीची ठरू शकते, कारण तिच्यात वाहक असतो. मात्र त्याला आधी सांगितलेले असले पाहिजे. वाहकाची ड्यूटी बदलते, म्हणून एकाच ओळखीच्या माणसावर विसंबू नये. आगार व्यवस्थापकांना भेटावे आणि मुलाजवळ मराठीत छापलेले कार्ड द्यावे: मी स्वमग्न आहे, मला अमुक फाट्यावर उतरायचे आहे, कृपया मला हात लावू नका, एका वेळी एकच गोष्ट सांगा, घरचा फोन हा. काळीपिवळीने सुरुवात करू नये. ती भरल्याशिवाय सुटत नाही, आणि दाटीवाटी व अनिश्चित वेळ हेच तर या मुलांना सर्वांत कठीण जाते.

आपल्याकडच्या 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील दिव्यांगत्वाच्या 21 प्रकारांत स्वमग्नता आहे. जिल्हा रुग्णालयात तपासणी करून प्रमाणपत्र व युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे ओळखपत्र, मिळवावे, आणि त्यावर एसटीची कोणती सवलत लागू होते हे आगारातच विचारावे. "पोरावर शिक्का बसेल" या धास्तीने कित्येक घरे हे टाळतात, याचे मला फार वाईट वाटते. त्या कागदाअभावी मुलगा घरात अडकतो.

शिकवण्याची सुरुवात शेवटच्या टप्प्यापासून करावी. परतीला मोठ्याने सोबत यावे, पण फाट्यावरून घरापर्यंतची वाट मुलाला एकट्याने चालू द्यावी, कारण ती त्याच्या ओळखीची असते. ती जमली की तिकीट त्याने मागावे, मग बसस्थानकावर गाडीची पाटी त्याने वाचावी. फेरी रद्द झाल्यास वाहतूक नियंत्रकाच्या खिडकीशी जाऊन कार्ड दाखवण्याचा सरावही, गाडी वेळेवर येणार असलेल्या दिवशीच करून घ्यावा.