खारीला फीडरवर नाही, खांबावर अडवा

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. प्रश्न बहुतेकांचा एकच असतो: "दाणे पक्ष्यांसाठी ठेवतो आणि खारच फस्त करते. खारीला दाद न देणारा फीडर कुठला?"

फीडरच्या मागे फार लागू नका. प्लॅस्टिकचा घेऊ नका, इतकंच. खारीचे पुढचे दात जन्मभर वाढतात, त्यामुळे कुरतडणं तिला भागच असतं आणि दाण्यांचं भोक ती बघता बघता मोठं करते. भोकांना धातूची कड असलेला साधा नळीचा फीडर पुरतो. तो टांगायचा कुठे, यावर पुढचं सगळं ठरतं.

राखाडी खारीसारखी मोठी खार जमिनीवरून साधारण 5 फूट उंच उडते, आडवी 7-8 फूट सहज जाते आणि उंचावरून झेप घेतली तर आणखी लांब पोचते. म्हणून झाड, कुंपण, छपराची कड, कपडे वाळत घालायची दोरी, सगळ्यांपासून निदान 10 फूट लांब, मोकळ्या जागी लोखंडी खांब रोवा. खांबावर बॅफल बसवा, म्हणजे पत्र्याचं गुळगुळीत नळकांडं: 6 ते 8 इंच रुंद, 2 फूट लांब, वरून बंद, खालून उघडं. त्याची वरची कड जमिनीपासून 5 फुटांच्या वर हवी आणि फीडर त्याच्याही वर. खांबाला क्लॅम्प आवळून नळकांडं त्यावर नुसतं टेकवा, घट्ट करू नका. खार खांबावरून चढत आत शिरते, डोकं वर आपटतं, तशीच उलटी खाली उतरते. बाहेरून चढावं तर पत्रा कवेत मावत नाही आणि नख रुतत नाही.

एवढं करूनही खार वर दिसली, तर पहिल्यांदा नळकांड्याचं झाकण तपासा. खांबाभोवती दोन बोटांची फट राहिली असेल तर लहान खार तेवढ्यातूनही निघते. मग फांद्या बघा. लावताना 10 फुटांवर असलेली फांदी वर्षभरात वाढते, पानांनी जड होऊन वाकते, आणि अंतर आपल्या नकळत कमी होतं.

खांबाला ग्रीस किंवा तेल कृपा करून फासू नका. ते पक्ष्याच्या पिसांना लागलं की निघत नाही. पिसं चिकटतात आणि अंगाची ऊब धरत नाहीत. दाण्यांना तिखट लावण्याचा उपाय मात्र शास्त्राला धरून आहे. मिरचीचा दाह ज्या ग्राहकामुळे (म्हणजे चेतापेशींवरच्या, दाह ओळखणाऱ्या प्रथिनामुळे) सस्तन प्राण्यांना जाणवतो, तो पक्ष्यांत वेगळ्या घडणीचा असतो, त्यामुळे त्यांना तिखट लागत नाही. पण कोरडी पूड वाऱ्याने डोळ्यांत उडते, म्हणून मी ती सुचवत नाही. बऱ्याच खारी करडई टाळतात, तीच आधी घालून बघा.

खिडकीचंही अंतर सांभाळा. फीडर काचेपासून 3 फुटांच्या आत असला तर दचकून उडालेला पक्षी वेग घ्यायच्या आतच काचेशी येतो. 30 फुटांपलीकडे असला तर धडकेचा धोका बराच कमी होतो. मधलं अंतर सगळ्यात वाईट. खारींचा त्रास असलेल्यांना छपरापासूनही लांब राहायचं असतं, म्हणून त्यांनी 30 फूट धरावेत.

स्वच्छतेबद्दल कुणी विचारत नाही, पण मला खारीपेक्षा तिचीच काळजी जास्त वाटते. एकाच दांडीवर दिवसभर पक्षी बसतात, तिथेच शिटतात, आणि साल्मोनेलासारखे जंतू एकाकडून दुसऱ्याकडे जातात. दर दोन आठवड्यांनी, दमट हवेत दर आठवड्याला, फीडर रिकामा करून साबणाने घासा. मग 9 भाग पाण्यात 1 भाग ब्लीच मिसळून त्यात 10 मिनिटं बुडवा, भरपूर पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच भरा. ओल राहिली तर तळाचे दाणे गोळा होऊन बुरसटतात. बुरशी आलेले शेंगदाणे तर विषारी असतात. पिसं फुगवून बसलेला, जवळ गेलं तरी न उडणारा पक्षी दिसला, तर दोन आठवडे फीडर काढूनच ठेवा, म्हणजे पक्षी पांगतील.

दाण्यांत काळं सूर्यफूल पहिलं. त्याचं साल पातळ असतं. वल्गुली (इंग्रजीत टिट, एक छोटा पक्षी) एकच बी उचलते, फांदीवर जाते, पायांखाली दाबून धरते आणि चोचीने ठोकून फोडते, मग दुसऱ्या बीसाठी परत येते. बारीक चोचीच्या पक्ष्यांना कारळे आवडतात, पण त्यांना बारीक फटीचा वेगळा फीडर लागतो.

खाली सांडेल ते खारीला खाऊ द्या. ती दाणे पुरताना नीट बघा: आसपास दुसरी खार असेल तर राखाडी खार कधी कधी नुसताच खड्डा उकरते, काही न ठेवता माती दाबते आणि बी तोंडात धरून पुढे जाते. अंधार पडायच्या आत मात्र उरलेलं झाडून घ्या, नाहीतर रात्री उंदीर येतात.