टीईटी घ्या, पण मुदत तरी द्या

गेल्या आठवड्यात शाळा सुटल्यावर माझ्याच शाळेत शिकवणारे आमचे गुरुजी व्हरांड्यात थांबले आणि जरा संकोचून म्हणाले, "मॅडम, तुमची ती बालमानसशास्त्राची पुस्तकं आहेत का अजून?" गुरुजींचं वय ५१, सर्व्हिस २६ वर्षांची, आमच्या भागातल्या किती घरांत बाप आणि मुलगा दोघंही ह्यांच्याच हाताखाली पाढे शिकलेत. १ सप्टेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, रिटायरमेंटला पाच वर्षांपेक्षा जास्त राहिलेल्या शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) पास व्हायचं, तेव्हापासून गुरुजी नीट झोपलेले नाहीत. मी पुस्तकं काढून दिली आणि घरी येताना मला माझं २०२० आठवत राहिलं, म्हणून हे लिहितेय.

१९ जानेवारी २०२० ची टीईटी मी दिली होती. पेपर १, दीडशे मार्कांचा, ओपनला ९० लागतात, मला ८६ पडले. चार मार्कांसाठी गेलं. वाईट वाटलं पण म्हटलं पुढच्या वेळी काढू. पुढची वेळ यायला किती लागले? बावीस महिने! मार्चमध्ये लॉकडाऊन लागला, जुलैची सीटेट (केंद्राची टीईटी) पुढे ढकलली ती थेट ३१ जानेवारी २०२१ ला झाली (तिचा फॉर्म मी भरलाच नव्हता, राज्याच्या परीक्षेची वाट बघत होते), आणि राज्याची टीईटी तारखा बदलत बदलत २१ नोव्हेंबर २०२१ ला झाली.

आता ह्या बावीस महिन्यांत आमच्याकडे काय चाललं होतं ते सांगते. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. दापोली, मंडणगड, श्रीवर्धन, ज्यांनी बघितलंय त्यांना वेगळं सांगायला नको. आमच्या वाडीत बावीस दिवस लाईट नव्हती, मोबाईलला रेंज नाही, शाळेचे पत्रे उडालेले, आणि वर्तमानपत्रात ऑनलाईन शिक्षणाच्या बातम्या. सासूबाई एक दिवस म्हणाल्या, "अगो, पोरं नुसती हुंदडतायत, घे की जरा पडवीत बसवून." सहा पोरं बसवली, मग अकरा झाली. वाडीतल्या बागा आडव्या झालेल्या, कोवळ्या सुपाऱ्यांचा सडा पडलेला, तोच गोळा केला आणि करवंट्यांत दहा-दहा सुपाऱ्या भरून दशक-एकक शिकवलं. पहिलीतली एक मुलगी होती, तिला तेवीस म्हणजे दोन आणि तीन असंच वाटायचं. तिने दोन भरलेल्या करवंट्या एका बाजूला सरकवल्या, तीन सुट्या सुपाऱ्या दुसऱ्या बाजूला ठेवल्या आणि बराच वेळ बघत बसली, मग एकदम म्हणाली "बाई, ह्या दोनात वीस लपलेत." माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

त्याच सुमारास जवळच्या एका शाळेत मानधनावर बाई हव्यात असं कळलं म्हणून गेले. डीएड आहे, वाडीत शिकवतेय, सगळं सांगितलं. पहिला प्रश्न, टीईटी आहे का? नाही. मग नाही जमणार. त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही, नियमच तसा आहे, २०१३ पासून महाराष्ट्रात टीईटीशिवाय पहिली ते आठवीला घेत नाहीत. पण जी परीक्षा सरकार घेतच नाहीये ती पास होऊन मी दाखवायची कशी? त्या शाळेत ती जागा वर्षभर रिकामीच राहिली. सरकारी भरती तर ४ मे २०२० च्या जीआरने बंदच केली होती, तो विषय वेगळा.

लोक म्हणतात मग काय परीक्षाच रद्द करायची होती का? मुळीच नाही. २०१९-२० च्याच टीईटीत पैसे घेऊन मार्क वाढवल्याचं पुढे उघड झालं, साडेसात हजारांहून जास्त उमेदवार त्यात बाद झाले. मी प्रामाणिकपणे ८६ वर थांबले होते, त्यामुळे ती बातमी वाचून मला काय झालं असेल ते ओळखा. चाळणी हवीच, गरिबाच्या पोराला शिकवणारा माणूस तपासूनच घ्यायला हवा.

पण मुदत देता आली असती ना. अमेरिकेत त्याच साली न्यूयॉर्क राज्याने इमर्जन्सी कोविड सर्टिफिकेट काढलं, म्हणजे बाकी शिक्षण पूर्ण असेल तर वर्गावर जा आणि राहिलेली परीक्षा ठरलेल्या मुदतीत पास व्हा. कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरनी मे २०२० मध्ये आदेश काढून तिथल्या परीक्षांची अट पुढे ढकलली, कारण सेंटरच बंद होती. परीक्षा माफ न करता वेळ दिला, एवढंच. आपल्या आरटीई म्हणजे शिक्षणहक्क कायद्यातसुद्धा कलम २३ मध्ये शिक्षकांची पात्रता ठरावीक काळ शिथिल करायची सोय आहे, फक्त टीईटीला ती लावायची नाही असं केंद्राने २०१० मध्येच ठरवून टाकलंय. महामारीत तरी त्यावर पुन्हा विचार व्हायला हवा होता असं मला मनापासून वाटतं.

आणि शेवटी परीक्षा झाली ती कशी? २१ नोव्हेंबर म्हणजे ऐन एसटीच्या संपात. आमचं सेंटर रत्नागिरीत, इथून जवळजवळ दीडशे किलोमीटर, साडेदहाचा पेपर. सहा जणींनी मिळून एक इको गाडी केली, पहाटे साडेतीनला निघालो, एकीचं पाच महिन्यांचं बाळ बरोबर आणि त्याची आजी. चिपळूणच्या पुराला चारच महिने झाले होते, रस्ता असा की हाडं खिळखिळी झाली. पेपर संपेपर्यंत आजी बाळाला घेऊन गेटबाहेर एका झाडाखाली बसून होती. माझी एक मैत्रीण मंडणगडच्या पलीकडे राहते, तिला गाडीच मिळाली नाही, तिचं हॉल तिकीट तसंच घरी राहिलं. तिने नंतर परत फॉर्म भरलाच नाही, आता शिवणकाम करते. वर्गात ती माझ्यापेक्षा कितीतरी चांगली शिकवायची, डीएडच्या पाठांना आम्ही तिचे बघून शिकायचो.

निकाल लागायला वर्ष उलटून गेलं. मी पास झाले, पुढे शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवरून नोकरीला लागले, ते सगळं झालं. पण गुरुजींना आता नोकरीत राहून अभ्यासाला दोन वर्षं मिळालीत, आणि ते योग्यच आहे, त्यातही त्यांची ओढाताण होतेय ती मी रोज बघते. हीच दोन वर्षं तेव्हा माझ्या मैत्रिणीला मिळाली असती तर मंडणगडातल्या कुठल्यातरी वर्गाला एक चांगली बाई मिळाली असती.

सध्या रोज शाळा सुटल्यावर आम्ही दोघं अर्धा तास बसतो. गुरुजींना गणित आणि मराठी काही सांगावं लागत नाही, इंग्रजीला अडतात. काल तीसपैकी सतरा आले, परवा चौदा होते.