रिपीट आणि रिकामी जागा

बुधवार, रात्री

चित्रकार प्रभाकर बरवे डोक्यातून जात नाहीत. जन्म १९३६, नागावचा. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयातून १९५९ साली बाहेर पडले, १९६१पासून सरकारच्या विणकर सेवा केंद्रात, आधी बनारस, मग मुंबई. सुमारे दोन दशकं नोकरी कापडाच्या डिझाइनची आणि त्याच काळात चित्रं, तीही अमूर्ताच्या अगदी कडेला उभी असलेली. चित्रकार अंबादासही याच केंद्रात काम करत. तरी या माणसांबद्दल बोलताना नोकरी एका ओळीत उरकतात, जणू ते फक्त पोटापाण्याचं होतं. मला हे पटत नाही.

कापडाचं डिझाइन म्हणजे सुंदर फूल काढणं नव्हे. कागदावर देखणं दिसणारं फूल थानभर पसरलं की फुलांमधली मोकळी जागा एका ओळीत येते आणि लांबून आडवे पट्टे दिसू लागतात. काढलेलं कोणीच बघत नाही, न काढलेलं आधी दिसतं. म्हणून रिपीट, म्हणजे कापडभर पुन्हापुन्हा येणारा नक्षीचा तुकडा, तपासायची जुनी रीत अशी: कागद मधोमध उभा कापायचा, डावा भाग उजवीकडे, उजवा डावीकडे. मग आडवा कापून वरचा खाली, खालचा वर. आता चारही कडा मध्यभागी येतात. तिथली खिंडारं भरायची, पण नव्या बाहेरच्या कडांना हात लावायचा नाही, त्या आपोआप जुळलेल्या असतात. एवढं करूनही पट्टा राहिलाच, तर शेजारची उभी रांग निम्म्याने खाली सरकवायची, याला म्हणतात हाफ ड्रॉप. त्यात आडवा पट्टा मोडतो, पण कधीकधी तिरका उगवतो. मग पुन्हा पहिल्यापासून.

मागावर जायचं असेल तर आलेखाचा कागद आला. समजा इंचात ८० उभे धागे आणि ६० आडवे, आणि एक चौकट म्हणजे एक धागा. साध्या चौरस आलेखावर काढलेलं वर्तुळ कापडात एक तृतीयांशाने उंच होतं, अंड्यासारखं. कागदाच्या चौकटीच ८०:६०च्या हिशेबाने आखाव्या लागतात. बुट्टीत, म्हणजे विणलेल्या छोट्या नक्षीत, धागा फार लांबवर मोकळा सोडला तर मागच्या बाजूला लोंबतो, बांगडीत अडकतो. छपाईत प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन, म्हणजे रंग उमटवायची जाळी. दोन रंग नुसते टेकवले तर कापड जरा हललं की मध्ये पांढरी रेघ उघडी पडते. एकमेकांवर जास्त चढवले तर कडेला तिसराच मळकट रंग.

हे रोज करणाऱ्या माणसाचा डोळा सपाट रंग, नेमकी कड आणि दोन वस्तूंमधलं अंतर यांवरच बसणार. बरव्यांच्या कॅनव्हासवर तेच तर आहे! एखादं पान, घड्याळ, ढग, आणि भोवती भरपूर जागा. फक्त इथे रिपीट नाही. वस्तू एकदाच येते, आणि तिच्याभोवतीच्या जागेला जुळवून घ्यायला शेजारी कोणी नसतं.

माध्यमही बघा: एनॅमल. दारं-खिडक्यांना लावतात तो ऑइलपेंट. आडव्या कॅनव्हासवर तो स्वतःच पसरून समतल होतो, ब्रशची रेघ बुडून जाते, हात दिसत नाही. पण फार खोडकर रंग आहे. जाड ओतला की वर साय धरते, आत ओला राहतो आणि दोन दिवसांत सुरकुत्या पडतात. उभा ठेवला तर ओघळ. पहिला हात पुरता वाळायच्या आत दुसरा दिला तर खालचा उचलून येतो. पांढरा अंधारात पिवळा पडतो. थर कडक असल्याने कॅनव्हास गुंडाळला की तडे. पातळ हात, मध्ये किमान एक दिवस, आणि लाकडी चौकटीवर ताणलेल्या अवस्थेतच साठवण, दुसरा मार्ग नाही.

१९९०मध्ये त्यांचं 'कोरा कॅनव्हास' हे पुस्तक मराठीत आलं. शीर्षकातच मोकळी जागा आहे. २०१९मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या कामाचं मोठं प्रदर्शन झालं. असं काही पुन्हा होईल तेव्हा कॅनव्हासच्या शेजारी कापडाचे तुकडे लावावेत, रिपीटच्या कागदासकट, कात्रीच्या खुणांसकट.