इंग्लंडमधली वार्षिक इलेक्ट्रिकल असेसमेंट: माझा अनुभव

इंग्लंडमध्ये एकट्यानं धंदा करणारा इलेक्ट्रिशियन म्हणजे मालक तोच, सुपरव्हायझर तोच आणि हेल्परही तोच. घरात नवीन सर्किट ओढलं, कन्झ्युमर युनिट (घरातला मुख्य ब्रेकर बोर्ड) बदललं किंवा बाथरूममध्ये टब-शॉवरभोवतीच्या झोनमध्ये वायरिंगला हात लावला, की ते काम पार्ट पीखाली (बिल्डिंग नियमांतला घरगुती वायरिंगचा भाग) कळवावं लागतं. हा नियम २००५ पासून आहे. तुम्ही एनआयसीईआयसी, नॅपिट अशा इलेक्ट्रिशियनची नोंदणी करणाऱ्या एखाद्या योजनेत नोंदलेले असाल तर काम संपल्यापासून ३० दिवसांत ते ऑनलाइन टाकायचं, विषय संपला. नोंदलेले नसाल तर काम सुरू करण्याआधी कौन्सिलच्या बिल्डिंग कंट्रोलकडे अर्ज आणि दर वेळी फी. त्यामुळे बहुतेक जण योजनेत असतात, आणि योजनेत राहायचं तर वर्षातून एकदा योजनेच्या तपासनिसासमोर, म्हणजे असेसरसमोर, उभं राहायचं.

तारीख ठरली की आधी कागद काढतो. पब्लिक लायबिलिटी विमा किमान २० लाख पौंडांचा हवा. जुन्या वायरिंगची तपासणी करून ईआयसीआर (वायरिंगच्या स्थितीचा अहवाल) देत असाल तर अडीच लाखांचा प्रोफेशनल इंडेम्निटी विमाही हवा. त्याची मुदत असेसमेंटच्या दिवशी चालू आहे ना, ते पाहून घ्या. नूतनीकरणाचा कागद ईमेलमध्ये पडून राहतो आणि हातात गेल्या वर्षीचाच असतो. बीएस ७६७१ ची, म्हणजे वायरिंगच्या ब्रिटिश नियमांची, चालू आवृत्ती जवळ लागते. माझ्या वेळी ती म्हणजे २०२२ ची तपकिरी कव्हरची दुसरी दुरुस्ती आणि तिच्यावर २०२४ ची तिसरी होती. ही तिसरी फुकट पीडीएफ मिळायची, म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष व्हायचं, आणि प्रश्न नेमका तिच्यावर यायचा. याशिवाय पात्रतेची सर्टिफिकेटं, तक्रारींची वही (तक्रार नसली तरी वही लागते), रिस्क असेसमेंट आणि वर्षभरातल्या कामांची यादी.

मीटरचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट सगळ्यांकडे असतं. पण दोन कॅलिब्रेशनच्या मधल्या काळात मीटर बरोबर दाखवत होता कशावरून, हा प्रश्न बऱ्याच जणांना अडवतो. मी ठरावीक रेझिस्टन्सचा चेकबॉक्स ठेवतो आणि दर महिन्याला कंटिन्युइटी (तार अखंड आहे का), इन्सुलेशन व लूपचे (फॉल्ट करंटच्या पूर्ण वाटेचे) आकडे तारखेसह लिहितो. चेकबॉक्स नसेल तर घरातला एकच सॉकेट धरून दर महिन्याला लूप मोजत जा. आकडा अचानक सरकला तर आधी मीटरची लीड (टेस्टची वायर) तपासा, कारण खराब होते ती बहुतेक वेळा लीडच.

कामं कोणती दाखवायची हे आपल्या हातात असतं. किती दाखवायची ते योजना आणि नोंदणीचा प्रकार यांवर ठरतं. मी कन्झ्युमर युनिट बदललेलं एक काम नेहमी देतो, कारण त्यात अर्थिंग, बाँडिंग (धातूचे पाइप अर्थला जोडणं), टेस्टिंग सगळं एकाच जागी दिसतं. अगदी लहान काम पुढे केलं तर असेसर दुसरं मागतो. घरमालकाची परवानगी आधी घ्या, मीटरच्या कपाटासमोरचं सामान हलवायला सांगा आणि माळ्यावर जायला शिडी आहे का विचारून ठेवा.

असेसर दारातून आत आला की पहिली परीक्षा सेफ आयसोलेशनची, म्हणजे वीज बंद करून ती खरंच बंद आहे याची खात्री करण्याची. मल्टिमीटर किंवा नुसता व्होल्ट पेन काढलात तर सुरुवातच बिघडते. टू-पोल व्होल्टेज इंडिकेटर हवा, प्रोबचं उघडं टोक ४ मिमीच्या वर नको, शक्यतो २ मिमीच. आधी प्रूव्हिंग युनिटवर (इंडिकेटर चालतो का हे पाहायला व्होल्टेज देणारं छोटं यंत्र) इंडिकेटर तपासायचा, मग मेन बंद करून लॉक लावायचं, मग फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ, आणि शेवटी पुन्हा प्रूव्हिंग युनिट. थ्री फेजला याच्या दहा टेस्ट होतात. शेवटचं प्रूव्हिंग हमखास विसरतं. लॉकची किल्ली खिशात हवी. ती लॉकलाच लटकत राहिली तर त्या लॉकला काही अर्थ उरत नाही, आणि असेसरची नजर तिकडेच जाते.

मात्र असेसमेंट खरी अडते ती टेस्ट शीटवर. अनुभवी असेसर बोर्ड उघडण्याआधी शीट वाचतो, कारण आकडे एकमेकांशी बोलतात. रिंग सर्किट घ्या, म्हणजे बोर्डातून निघून सॉकेटांवरून परत बोर्डात येणारं सर्किट. २.५ चौरस मिमीची फेज आणि १.५ चौरस मिमीचा अर्थ असलेल्या ट्विन-अँड-अर्थ केबलमध्ये २.५ चा रेझिस्टन्स दर मीटर लांबीला ७.४१ मिलीओहम आणि १.५ चा १२.१० मिलीओहम असतो. ५० मीटरच्या रिंगला फेज टोक ते टोक ०.३७ ओहम, न्यूट्रल तेवढाच, अर्थ ०.६१ च्या आसपास. म्हणजे अर्थचा आकडा फेजच्या साधारण १.६५ पट येतो. तिन्ही आकडे सारखे लिहिले असतील तर मोजले नाहीत, किंवा केबल वेगळी आहे. फेजचं एक टोक अर्थच्या दुसऱ्या टोकाला असं क्रॉस जोडून सॉकेटवर आर१ अधिक आर२ (फेज आणि अर्थ यांचा एकत्र रेझिस्टन्स) मोजला की टोकांच्या बेरजेचा चौथा भाग, म्हणजे ०.९८ भागिले ४, सुमारे ०.२५ यायला हवा, आणि रिंगवरच्या प्रत्येक सॉकेटला जवळपास तेवढाच. स्परवर (रिंगवरून निघालेल्या एकेरी फाट्यावर) जास्त येतो, आणि शीटवर सगळ्यात मोठा आकडा जातो.

मग झेडएस, म्हणजे फॉल्ट झाला तर करंटच्या पूर्ण वाटेचा आकडा. झेडई, म्हणजे त्यातला घराबाहेरचा, सप्लायरकडचा भाग, ०.२२ असेल तर ०.२२ अधिक ०.२५ म्हणजे ०.४७. बी-३२ ला (बी प्रकारच्या ३२ अँप ब्रेकरला) मर्यादा १.३७ ओहम आहे, तेव्हा चिंता नाही. मोजलेला झेडएस या बेरजेपेक्षा थोडा कमी आला तरी चालतो, कारण बाँडिंग केलेल्या पाइपांमधून समांतर वाट मिळते. बराच जास्त आला तर सैल टर्मिनल, किंवा आरसीबीओवरची (गळती आणि जादा करंट या दोन्हींना पडणारा ब्रेकर) नो-ट्रिप, म्हणजे ब्रेकर न पाडता केलेली, टेस्ट. त्या टेस्टमध्ये आरसीबीओच्या आतल्या कॉइलचा रेझिस्टन्सही मोजला जातो आणि आकडा फुगतो. अशा सर्किटला मी बेरजेनंच झेडएस काढतो आणि तसं शीटवर लिहून ठेवतो. असेसरला ते चालतं.

झेडई स्वतः मोजताना मेन बंद करून अर्थिंग कंडक्टर सोडवावा लागतो. न सोडवता मोजलं तर पाइपांची वाट धरून आकडा छान कमी येतो आणि सप्लायरचा अर्थ खराब असला तरी कळत नाही. मोजून झाल्यावर कंडक्टर परत जोडायचा आणि मगच मेन चालू करायचा. असेसर हे डोळ्यांत तेल घालून बघतो. आणखी एक जोडी: झेडई ०.२२ म्हणजे अर्थ फॉल्ट करंट २३० भागिले ०.२२, साधारण १.०५ किलोअँप. शीटवर फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ यांतला मोठा आकडा लिहायचा असतो. तिथे ०.६ लिहिलं असेल तर दोनपैकी एक आकडा खोटा आहे, हे मीटर न लावताही कळतं.

इन्सुलेशनला ५०० व्होल्ट आणि किमान १ मेगाओहम. सर्ज प्रोटेक्शन (व्होल्टेज अचानक उसळलं तर वाचवणारं उपकरण) लावलेलं असेल तर ते सोडवा, किंवा सोडवता येत नसेल तर २५० व्होल्टवर मोजा. आरसीडीच्या (गळती झाली की वीज तोडणारं उपकरण) बाबतीत २०२२ नंतर काम सोपं झालं आहे: साध्या प्रकाराला रेटेड करंटवर एक एसी टेस्ट, ३०० मिलीसेकंदांच्या आत. पाचपट करंटची जुनी टेस्ट सवयीनं केली तर बिघडत नाही, पण ती का केली हे सांगता आलं पाहिजे. सात आरसीबीओंना सातही वेळा १८.४ मिलीसेकंद लिहिलेले दिसले तर पुढची टेस्ट असेसर स्वतःसमोर करायला लावणार, हे धरून चला.

बोर्डावर सापडणाऱ्या चुका त्याच त्या. एका कंपनीच्या युनिटमध्ये दुसऱ्या कंपनीचा एमसीबी (साधा ब्रेकर), केवळ बसला म्हणून. युनिटच्या वरच्या बाजूला केबलभोवती फट. तिथे १ मिमीची तारही आत जाता कामा नये. गॅसचं बाँडिंग मीटरपासून ६०० मिमीच्या आत नाही, किंवा आहे पण क्लॅम्पवर लेबल नाही. टर्मिनल कसताना टॉर्क स्क्रूड्रायव्हर वापरला का, हेही विचारतात. मूल्य युनिटच्या दाराच्या आत किंवा सोबतच्या कागदावर छापलेलं असतं. सोलर किंवा बॅटरी असलेल्या घरात तिसऱ्या दुरुस्तीचा प्रश्न येतो: उलट दिशेनं वीज येणार असेल तर एकदिशी आरसीबीओ चालत नाही. ‘लाइन’ आणि ‘लोड’ अशा खुणा असतील तर तो एकदिशी समजा.

महाराष्ट्रातून वायरमनचं काम शिकून इकडे आलेल्यांनी रंगांकडे जरा जास्तच लक्ष द्यावं. तिकडे काळी म्हणजे न्यूट्रल हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. इकडच्या २००४ पूर्वीच्या वायरिंगमध्येही तसंच आहे, पण नव्या थ्री फेजमध्ये काळी ही दुसरी फेज आणि निळी न्यूट्रल. जुनी-नवी वायरिंग एकत्र असलेल्या बोर्डावर तशी सूचना चिकटवलेली असली तर बरं. 

शेवटी असेसर त्रुटी लिहून देतो. लेबल, राहिलेली सही असल्या गोष्टी फोटो किंवा दुरुस्त सर्टिफिकेट पाठवून मिटतात. बाँडिंग नाही किंवा टेस्टिंग जमत नाही असं निघालं तर पुन्हा भेट, आणि तिची फी वेगळी. पुराव्याची मुदत पत्रात दिलेली असते. फोटोत पत्ता किंवा युनिटवरचं लेबल दिसेल असा एक लांबून आणि एक जवळून काढून पाठवा, नाहीतर हा फोटो कुठल्या घराचा म्हणून परत विचारणा होते.