माडीवरचे स्पीकर आणि त्यांचे पाय

जुने टॉवर स्पीकर विकत घेताना लोक वूफरची, म्हणजे खालचे सूर काढणाऱ्या मोठ्या पडद्याची, रबरी कड दाबून बघतात, पेटीचे कोपरे तपासतात. तळ मात्र सहसा कुणी उलटा करून बघत नाही. मी बघितला, तर तिथे चार पितळी आटे बसवलेले होते आणि पाय गायब. आधीच्या मालकाने घर बदलताना ते काढले होते आणि मग ते कुठे गेले हे त्यालाही ठाऊक नव्हतं. त्यामुळे एरवी हौसेने पडणारा प्रश्न माझ्यापुढे गरज म्हणून आला. या सोळा-सोळा किलोच्या पेट्यांखाली लावायचं काय?

आमचं घर इंदुरातल्या 'जुनी इंदूर' या वस्तीच्या बाजूचं. खालच्या भिंती दगडी, वर लाकडी माडी. होळकरांच्या राजवाड्याचेही खालचे तीन मजले दगडी आणि वरचे लाकडी आहेत, आणि जुन्या वस्तीतले कितीतरी वाडे आपापल्या ऐपतीप्रमाणे तसेच उभे राहिले. आमच्या माडीची जमीन म्हणजे खालच्या खोलीचा कडीपाट: तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या. मुलं पळाली की कपाटातली भांडी वाजतात. त्याच खोलीखाली काका-काकू झोपतात. स्पीकर नुसते लाकडी ठोकळ्यांवर ठेवून पहिल्यांदा लावले, त्याच्या दुसऱ्या दिवशी काका म्हणाले, "तुझा तबला माझ्या पलंगाच्या पायांत वाजतो रे. डग्गा तर थेट पाठीत."

हे वाक्य मी दुकानांतही सांगत फिरलो, कारण त्यात अर्धं निदान होतं. काकांना आवाज ऐकू येतो अशी तक्रार नव्हती, पलंग थरथरतो अशी होती.

महाराणी रोडवरच्या एका दुकानदाराने क्षणाचाही विचार न करता सांगितलं, "भिया, पीतल की स्पाइक लगाओ, बेस एकदम टाइट हो जाएगा." आमच्या ऐकणाऱ्या मंडळींतल्या एका ज्येष्ठांचं मत नेमकं उलट: खाली मऊ रबर हवं, टोकदार काही नको. दोघांचाही आवाज ठाम. दोघांनीही जमीन कसली आहे हे विचारलं नाही, आणि मला तीच गोष्ट खटकली.

आधी स्पाइकचं, म्हणजे धातूच्या टोकदार पायाचं, बघू. स्पाइकचं काम पेटी डुगडुगू न देणं आणि गालिच्यातून आरपार जाऊन खालच्या पक्क्या जमिनीला टेकणं. चार पायांवर सोळा किलो म्हणजे एका टोकावर चार किलो. टोकाचं क्षेत्रफळ एक चौरस मिलिमीटर धरलं, तर दाब चौरस सेंटिमीटरला चारशे किलो होतो. सागवानी फळीत खड्डा पडायला एवढं पुरे, म्हणून खाली धातूची चकती हवीच. पण "कंपन खाली जाऊन जिरतं, वर येत नाही" असं जे स्पाइकबद्दल सांगतात, ते मला पटत नाही. कडक सांधा दोन्ही दिशांना सारखाच कडक असतो. पेटीचं कंपन तो जमिनीला देतो आणि जमिनीचं पेटीला. आमच्या कडीपाटाला स्पाइक लावणं म्हणजे काकांच्या पलंगापर्यंत सरळ वाट करून देणं.

मग पेटी हलते तरी किती? साडेसहा इंची वूफरच्या हलणाऱ्या भागाचं वजन साधारण पंधरा ग्रॅम धरा. तो पुढे पाच मिलिमीटर गेला, तर सोळा किलोची मोकळी पेटी मागे मिलिमीटरच्या सुमारे दोनशेव्या हिश्श्याएवढी जाईल. पाय बदलले की "पडदा उघडल्यासारखा" आवाज होतो असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा डोळ्यांसमोर ठेवावा. ट्वीटरच्या, म्हणजे वरचे सूर काढणाऱ्या लहान पडद्याच्या, तीन हजार हर्ट्झच्या (सेकंदाला तीन हजार कंपनं) लहरीची लांबी अकरा सेंटिमीटरच्या वर असते, तिला एवढ्याशा धक्क्याचं काही देणंघेणं नसतं. पण हाच बारीक धक्का हलक्या, तणावलेल्या लाकडी जमिनीला मिळाला की जमीन स्वतःच स्पीकर होते. माझी अडचण ही होती, पेटीतून येणारा आवाज नव्हे.

स्प्रिंग असो वा रबर, वजनाखाली ते किती दबतं यावर सगळं ठरतं. दबलेलं अंतर मिलिमीटरमध्ये घ्यायचं, त्याचं वर्गमूळ काढायचं आणि पावणेसोळाला त्याने भागायचं. येतो तो आकडा म्हणजे त्या पायाची स्वतःची कंपनसंख्या, हर्ट्झमध्ये. या संख्येच्या साधारण १.४ पट वर गेल्यावरच कंपन अडायला सुरुवात होते. त्याच्या खाली पाय काहीच अडवत नाही, उलट कंपन वाढवतो. रबर चालत्या कंपनाला सावकाश दाबापेक्षा जास्त ताठ वागतं, तेव्हा त्याचा खरा आकडा या हिशोबापेक्षाही वर असतो.

वॉशिंग मशीनखालचे रबरी पाय या हिशोबात नापास झाले. साठ-सत्तर किलोच्या यंत्रासाठी बनवलेली ती वस्तू, माझ्या पेटीच्या चार किलोला ती जेमतेम ०.३ मिलिमीटर दबली. म्हणजे कंपनसंख्या एकोणतीसच्या आसपास, प्रत्यक्षात आणखी वर. चाळीस-पन्नास हर्ट्झच्या खोल सुरांना असले पाय मदत करण्याऐवजी आगीत तेल ओतणार. बाजारातल्या नामांकित तयार पायांवरही किती ते किती किलोसाठी हे छापलेलं असतं, आणि ते शोभेसाठी नसतं. जास्त वजनाचा "भारी" पाय हलक्या पेटीखाली लावला की तो दबतच नाही. त्यांच्या किमती पाच आकडी बघून मी तो विषय तिथेच मिटवला.

मोजायला यंत्र हवं असं काही नाही. फायफॉक्स नावाचं मोफत ॲप आहे, जर्मनीतल्या आखेनच्या तांत्रिक विद्यापीठाने बनवलेलं. ते फोनमधलाच कंपनमापक वापरतं. फोन सेकंदाला जेवढी मोजणी करतो, त्याच्या निम्म्या हर्ट्झपर्यंतचं कंपन त्याला दिसतं, आणि मला हवे होते ते खालचेच सूर. लॅपटॉपवरून चाळीस हर्ट्झचा सूर सोडायचा, आवाज तेवढाच ठेवायचा, फोन फळीवर खडूने आखलेल्या जागी. ठोकळ्यांवर पेटी असताना ॲपमधली कंपनाची रेघ नाचत होती. पेटी खोलीच्या मधल्या फळ्यांवरून उचलून भिंतीजवळ, खाली तुळई जाते त्या ओळीवर आणली आणि रेघ चांगलीच खाली बसली. एक पैसाही खर्च झाला नव्हता. तुळई कुठून जाते हे काकांच्या खोलीत मान वर केली की दिसतं, हा कडीपाटाचा फायदा. भिंतीजवळ आल्याने बेस फुगला हे खरं, पण तो वेगळा दोष आहे आणि त्याच्याकडे येतो.

शेवटी जे केलं त्यात स्पाइकही आहेत आणि स्प्रिंगही. प्रत्येक पेटीखाली दीड फूट लांब-रुंद, एक इंच जाडीची कोटा फरशी. इंदुरात ती घराघरांत घातलेली असते, फरशीवाल्याकडे तुकडा सहज मिळतो. वजन चौदा किलोच्या आसपास भरलं. पेटी स्पाइकवर फरशीला घट्ट बसवली आणि फरशीच्या चार कोपऱ्यांखाली स्प्रिंगा. पेटी आणि दगड मिळून तीस किलो होतात, धक्का खाणारं वजन जवळपास दुप्पट, आणि बुड रुंद झाल्याने उंच पेटी स्प्रिंगवर असूनही कलंडायची भीती उरत नाही. लहान पोरं असलेल्या घरात या शेवटच्या मुद्द्याला मी आवाजाच्या वर ठेवेन.

स्पाइकच्या आट्यांनी थोडा घाम काढला. स्पीकरच्या तळाला बहुधा सहा किंवा आठ मिलिमीटरचे आटे असतात, पण काही परदेशी पेट्यांना इंचाचेही असतात, आणि आठ एमएम व अडीच सुती (पाच-सोळांश इंची) बोल्ट नुसत्या नजरेला सारखेच दिसतात. सियागंजात दोन्ही बोल्ट घेतले आणि बोटांनी फिरवून बघितले. अडीच सुती दोन फेऱ्यांतच अडकला, आठ एमएम सरळ आत गेला. बोटांनी जात नसेल तर पाना लावायचा नाही, नाहीतर पितळी आटा लाकडातून फिरून बाहेर येतो. लेथवाल्याने पितळेच्या सळईतून स्पाइक कातून दिले. टोक सुईसारखं नको, जरा बोथट ठेव म्हटल्यावर त्याने माझ्याकडे दयेने पाहिलं. प्रत्येकावर चेकनट मात्र न सांगता दिला. तो नसेल तर स्पाइक आट्यात सैल राहतो आणि कुठल्यातरी एका सुरावर बारीक किरकिर करतो.

स्प्रिंगा निवडायला पाट आणि तांदळाचं तीस किलोचं पोतं पुरलं. चार स्प्रिंगांवर पाट, पाटावर पोतं, आधीची आणि नंतरची उंची पट्टीने मोजायची. पाच मिलिमीटर दबणाऱ्या स्प्रिंगा सापडेपर्यंत दुकानदाराचा डबा उलथापालथा केला. पाच मिलिमीटर म्हणजे सात हर्ट्झ, चाळीसच्या बरंच खाली. नुसती स्प्रिंग धक्का लागला की झुलत राहते, म्हणून आत नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या जाड कापडाची, गुंडाळी कोंबली. पेटीचं वजन वूफरच्या चुंबकामुळे पुढच्या बाजूला जास्त असतं आणि फरशी पुढे झुकली, तेव्हा पुढच्या स्प्रिंगा आणखी पुढे सरकवून पाणसळीचा बुडबुडा मध्ये आणला. हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नये.

मग खाली जाऊन विचारलं. काका पलंगावर आडवे होऊन, डोळे मिटून, गंभीरपणे परीक्षा घेत होते. "थरथर गेली. पण गाणं येतंय अजून."

"येणारच काका. ते फळ्यांच्या फटींतून येतं, हवेतून. पायांनी ते नाही थांबत."

"मग थांबवू नकोस. फक्त दहानंतर द्रुत नको."

भिंतीजवळ फुगलेल्या बेसचं पायांशी काही नातं नव्हतं. खोली चौदा फूट लांब, तेवढ्या लांबीत चाळीस हर्ट्झची आणि तिच्या दुप्पट ऐंशीची लाट समोरासमोरच्या भिंतींमध्ये अडकून घुमते. अमीर खाँ साहेब मंद्रात उतरले की तानपुऱ्यापेक्षा आमची खोलीच जास्त बोलायची. पेट्या तुळईची ओळ न सोडता भिंतीपासून दीड हात पुढे ओढल्या, बसायची खुर्ची मागच्या भिंतीपासून सोडवली, तेव्हा ते आटोक्यात आलं.

हे सगळं ऐकून विजयनगरच्या फ्लॅटमधल्या दादाने स्वतःसाठीही फरशी आणि स्प्रिंगा मागितल्या. त्याच्याकडे काँक्रीटचा स्लॅब आणि वर व्हिट्रिफाइड टाइल. फोन ठेवून बघितला तर रेघ जवळपास सपाट. स्पाइक लावले, रबर लावलं, वहिनींना डोळे मिटून ऐकवलं. फरक कुणालाच सांगता आला नाही. टाइलवर स्पाइक सरकतो आणि खरचटा पाडतो, म्हणून त्याला साधी रबरी बटणंच लावून दिली, एका कोपऱ्याखाली पातळ चकती सरकवून डुगडुग काढली. काळ्या रबरातलं तेल हळूहळू फरशीत आणि लाकडाच्या पॉलिशमध्ये उतरतं आणि तो डाग पुसून जात नाही, तेव्हा बटणांखाली नमद्याचे तुकडे चिकटवायला सांगितले आहेत. ते त्याने अजून चिकटवलेले नाहीत.