पावसाच्या नोंदींचा फॉर्म : तिसऱ्या खेपेला बसला

मंडळी, मागच्या पावसाळ्यात आपण अकराजण ग्रुपवर आपापल्या मापकातले पावसाचे आकडे टाकायचो आणि रात्री मी ते एकेक करून शीटमध्ये चढवायचो, गप्पांमध्ये दोन-चार आकडे वाहून जायचेच. म्हणून यंदा गुगल शीटमधूनच फॉर्म केला. टूल्समध्ये जाऊन नवीन फॉर्म केला की उत्तरांचा टॅब आपोआप येतो, वेळेचा शिक्का पण पडतो. इथपर्यंत पाच मिनिटं. पुढे तीन आठवडे गेले.

पहिल्या खेपेला सगळे प्रश्न मोकळे ठेवले, ज्याला जसं लिहायचं तसं. कोथरूड, कोथरुड आणि कोथरूड डेपो अशी तीन वेगळी ठिकाणं तयार झाली. पावसाच्या रकान्यात "१२ मिमी", "साधारण ८" असं यायला लागलं, आणि शीट त्याला आकडा न मानता शब्द मानते, बेरजेत धरतच नाही आणि एररही देत नाही, त्यामुळे आठवड्याची बेरीज कमी येतेय हे मला फार उशिरा कळलं. आता ठिकाणाला ड्रॉपडाऊन आहे आणि पावसाला नंबरचं व्हॅलिडेशन, म्हणजे ० ते १००० मधला नुसता आकडाच फॉर्म घेतो. आधी ४०० ठेवणार होतो, पण सांताक्रूझला २६ जुलै २००५ ला ९४४ मिमी पडला होता, खरा आकडा फॉर्मनेच अडवला तर काय उपयोग.

दुसऱ्या खेपेला मिमी आणि मिलीचा (मिलिलिटरचा) घोळ. घरी केलेल्या मापकात नरसाळ्यातून बाटलीत पाणी जमतं, ते आपण मेजरिंग सिलिंडरने मिलीत मोजतो. १६ सेंमी व्यासाच्या नरसाळ्याचं तोंड साधारण २०१ चौसेंमी भरतं, म्हणजे २० मिली पाणी झालं की १ मिमी पाऊस. कुणी १४० लिहिलं तर ती मुसळधार की नुसते ७ मिमी, हे आकड्यावरून कसं कळणार? म्हणून आता प्रत्येकाने जे डोळ्यांनी दिसलं तेच लिहायचं, सोबत एकक निवडायचं. व्यास वेगळ्या टॅबमध्ये ठिकाणासमोर आहे, हिशोब शीट करते.

तिसऱ्या खेपेला सगळ्यात जास्त विचार शून्यावर केला. पाऊस पडला नाही म्हणून फॉर्म भरला नाही आणि गावाला गेलो म्हणून भरला नाही, शीटमध्ये दोन्ही कोरंच दिसतं. मग पहिलाच प्रश्न टाकला, आज मापक बघितलं का? नाही म्हटलं की फॉर्म थेट शेवटच्या सेक्शनला जातो. हो म्हटलं की आकडा सक्तीचा, ० असला तरी. आणि किती दिवसांचं पाणी साठलंय हेही विचारलंय, कारण दोन दिवसांचे ३० मिमी एका दिवसावर टाकले तर सगळा आलेखच खोटा होतो.

तारीख स्वतः निवडायची. हवामान खात्यासारखं सकाळी ८:३० ला मोजायचं आणि आधीच्या २४ तासांचा पाऊस त्या सकाळच्या तारखेला लिहायचा. वेळेच्या शिक्क्यावर विसंबू नका, माझ्या शीटचा टाइमझोन अमेरिकेचा निघाला, सकाळी ८:४० ची नोंद आदल्या रात्री ८:१० ची दिसत होती. शीटच्या सेटिंग्जमध्ये जाऊन बदलला.

अजून एक, उत्तरांच्या टॅबमध्ये शेजारी फॉर्म्युले ओढून ठेवू नका. नवीन उत्तर आलं की नवी ओळ मध्ये घुसते आणि फॉर्म्युला खाली सरकतो. मी सगळा हिशोब दुसऱ्या टॅबमध्ये क्वेरीने (शीटमधला QUERY हा फॉर्म्युला) खेचतो, तारखा उभ्या, ठिकाणं आडवी. हडपसर आणि ताम्हिणीचे रकाने शेजारी ठेवून बघताना फार छान वाटतं, एकाच जिल्ह्यातला पाऊस इतका वेगळा.

आता प्रत्येकाला ठिकाण आणि एकक आधीच भरलेली लिंक पाठवतोय, फोनच्या होमस्क्रीनवर ठेवा. पौडला नवीन मापक बसतंय, त्याच्या नरसाळ्याचा व्यास तेवढा मोजून कळवा.